हवेतलं इंटरनेट आणि कागदावरची तक्रार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय फलकावर वाचून काही जणांना नवल वाटलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस बोलायला उभा राहिला की तो नॉमिनेशन, मृत्युपत्र आणि मुदत ठेव याच्या पलीकडे जाणार नाही, असा एक समज असतो. त्या तिन्ही विषयांवर मी याच हॉलमध्ये बोललो आहे आणि आपण ते सहनही केलं आहे. यंदा मीच समितीला म्हटलं, मला घरातल्या बिनतारी इंटरनेटबद्दल बोलू द्या. कारण गेल्या दोन वर्षांत संध्याकाळच्या कट्ट्यावर गुडघेदुखीच्या खालोखाल कशाची चर्चा होत असेल तर ती याची. ‘तुमचं चालू आहे का हो?’ हा प्रश्न पूर्वी आपण पाण्याबद्दल विचारायचो. आता तोच प्रश्न आपण नेटबद्दल विचारतो.

थोडं मागे जाऊ. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला होता. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली २००० साली, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बीएसएनएलचा कारभार सुरू झाला. म्हणजे आपली सोसायटी आणि बीएसएनएल एकाच इयत्तेतले. आपण राहायला आलो तेव्हा बहुतेक घरांत एक लँडलाइन होती आणि इंटरनेट लावलं की फोन बंद व्हायचा. मुलगा नेटवर आहे म्हणून आजीचा फोन लागत नाही, हे भांडण तिन्ही विंगमध्ये झालेलं मला आठवतं. २००४ च्या धोरणात सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या केली ती सेकंदाला किमान २५६ किलोबिट. आज तेवढ्या वेगात नातवाचा एक फोटो उघडेपर्यंत चहा गार होईल. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. व्याख्या हळूहळू चालत राहिली, आणि गरज तिच्या फार पुढे निघून गेली.

बिनतारी जोडणीशी माझा पहिला संबंध मात्र घरात नाही, बँकेत आला. भोर तालुक्यातल्या एका शाखेत मी व्यवस्थापक असताना शाखेच्या पत्र्यावर एक मोठी तबकडी बसवली गेली. व्हीसॅट म्हणायचे तिला. जमिनीवरून निघालेला संदेश सुमारे ३६ हजार किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे जायचा आणि तिथून खाली यायचा, मग उत्तर पुन्हा त्याच वाटेने. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही या फेरीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. काउंटरवरच्या मंडळींना तेव्हा मी सांगायचो, एंटर एकदाच दाबा, तो आकाशात जाऊन यायचाय. पावसाळ्यात घाटावर ढग दाटले की लिंक जायची. बाहेर म्हाताऱ्या शेतकऱ्यांची रांग आणि आत पडद्यावर चक्र फिरतंय. त्या दिवसांत एक गोष्ट मला पक्की समजली. लिंक जाणार, हे गृहीत धरायचं. ती गेल्यावर कुणाला कळवायचं, कळवल्याचा पुरावा काय आणि उत्तर किती वेळात यायला हवं, हे आधी ठरलेलं असेल तर माणूस निभावून नेतो. ते ठरलेलं नसेल तर तोच माणूस हतबल होतो. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे.

आता आपल्या गच्चीवर ज्या पांढऱ्या पेट्या दिसतात त्यांच्याकडे येऊ. देशात फाइव्ह-जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला, आणि २०२३ पासून त्याच लहरींवर घरगुती इंटरनेट मिळू लागलं. व्यवस्था साधी आहे. जवळच्या टॉवरवरून लहरी येतात, गच्चीवरची किंवा खिडकीबाहेरची पेटी त्या पकडते, तिथून एक केबल घरात येते आणि राउटरला जोडली जाते. रस्ता खोदायला नको, महापालिकेची परवानगी नको. पुण्यात ज्याने बारा महिने रस्तेखोदाई पाहिली आहे त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्या सी विंगची फायबर केबल ड्रेनेजच्या कामात किती वेळा तुटली, ते सी विंगवाल्यांना विचारा.

भाषणाची तयारी म्हणून मी आपल्याच सोसायटीतल्या अकरा घरी वही घेऊन गेलो. बिनतारी जोडणी आहे किंवा होती, अशी घरं निवडली. चहा अकराही घरी मिळाला, नेट मात्र सगळीकडे मिळालं नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण तेही खरं आहे. ए विंगमध्ये एका सभासदांकडे अर्ज केल्यावर तिसऱ्या दिवशी जोडणी लागली आणि वर्षभरात एकदाही तक्रार करावी लागली नाही. त्यांची सून घरून काम करते, दिवसभर तिच्या मीटिंगा चालू असतात. सी विंगमध्ये एका घरी बारावीच्या मुलीने वर्षभर क्लास याच्यावर केला. बसवायला आलेल्या मुलांबद्दल सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. ही मुलं बहुतेक कंत्राटदाराकडची असतात, दुचाकीवर शिडी आणि वायरचं बंडल घेऊन दिवसाला कितीतरी घरं करतात. वेग कमी मिळतो तो त्यांच्यामुळे नाही. त्यांच्यावर आवाज चढवू नका, त्यांना पाणी द्या. आपलं भांडण असेल तर ते कंपनीशी आहे.

आता तक्रारी. वहीत नोंदवल्यावर लक्षात आलं की तक्रारी तीन जातींच्या आहेत, आणि आपण तिन्हींची मिसळ करतो.

पहिली जात घरातल्या घरातली. एका घरी राउटर लोखंडी कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात, आणि मध्ये माशांची काचेची टाकी. लोखंड लहरी अडवतं, पाणी त्या शोषून घेतं. बेडरूममध्ये नेट येत नाही म्हणून कंपनीला बोल लावत होते. राउटर दिवाणखान्यात मोकळ्या जागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवला आणि प्रश्न मिटला. आणखी दोन घरी तो टीव्हीच्या मागे होता. दिसायला चांगला दिसत नाही म्हणून आपण त्याला लपवतो, आणि मग लपलेल्याने हाकेला ओ द्यावी अशी अपेक्षा करतो. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथे वेग पूर्ण येत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. तिथेही येत नसेल तर दोष बाहेरचा, आणि तेव्हाच कंपनीला फोन करा.

दुसरी जात समजुतीतल्या घोळाची. जाहिरातीत ‘३० एमबीपीएस’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘बी’ हा बिटचा असतो. आपण फाइल मोजतो ती बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ३० मेगाबिट म्हणजे सेकंदाला पावणेचार मेगाबाइट. एक गिगाबाइटचा सिनेमा उतरवायला साधारण साडेचार मिनिटं लागणारच. ही फसवणूक नाही, हे एकक आहे. रुपये आणि पैसे यांत गोंधळ केला तर खातं जुळणार नाही, तसंच हे. आणि ‘तीस पर्यंत’ यातला ‘पर्यंत’ हा शब्द सर्वांत महाग. बँकेच्या जाहिरातीतही व्याजदरापुढे तो बारीक टायपात असतो, हे मी शपथेवर सांगू शकतो. किमतीचंही तसंच. ५९९ रुपये महिना म्हणतात, त्यावर १८ टक्के जीएसटी १०७ रुपये ८२ पैसे, म्हणजे हातातून जातात ७०६ रुपये ८२ पैसे. ‘अमर्यादित’ लिहिलेलं असलं तरी एका महिन्याच्या ठरावीक वापरानंतर वेग उतरवला जातो, ती अट फॉर्मच्या मागच्या बाजूला असते. ती वाचायची.

तिसरी जात खऱ्या दोषाची. इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. टॉवरची क्षमता म्हणजे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. सकाळी सात वाजता तिन्ही विंगचे नळ एकदम सुटले की चौथ्या मजल्यावर धार बारीक होते. टॉवरचंही तेच. रात्री आठ ते अकरा सगळा परिसर मॅच किंवा मालिका बघायला बसतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. कंपनीने टाकी न वाढवता नळ वाढवत नेले तर दोष कंपनीचा. दुसरं कारण आडोसा. फाइव्ह-जीसाठी आपल्याकडे ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आणि २६ गिगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव झाला. पहिल्या लहरीची लांबी साधारण नऊ सेंटिमीटर, दुसरीची एक सेंटिमीटरच्या थोडी वर. लहर जितकी आखूड तितका माल जास्त वाहते, पण भिंत, झाड, जोराचा पाऊस यापुढे तितकीच लवकर हात टेकते. म्हणून तर पेटी घराबाहेर, टॉवर दिसेल अशा बाजूला लावतात. आणि उद्या टॉवर आणि पेटीच्या मध्ये एखादी इमारत उभी राहिली, तर काल उत्तम चालणारी जोडणी आज लंगडी होते. आपल्या भागात पुनर्विकास कसा चालला आहे ते आपण रोज पाहतो.

हेच बी विंगमधल्या एका बाईंच्या बाबतीत घडलं. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र सांगू नका म्हणाल्या. वय ८१, निवृत्त शिक्षिका. यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, ते अंथरुणाला खिळलेले. मुलगा जर्मनीत. फिजिओथेरपिस्ट बाई सुरुवातीला घरी यायच्या, नंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी व्हिडिओवरून व्यायाम करून घ्यायला लागल्या. टॅबलेट पलंगापाशी उभा करायचा, समोरून त्या सांगणार, इकडे काकू आणि मदतनीस मुलगी हात-पाय उचलणार. त्यात त्यांना हळूहळू गुण येत होता. उजव्या हाताची बोटं मिटायला लागली होती. म्हणजे या घरात इंटरनेट करमणुकीसाठी नव्हतं, ते औषधाच्या जागी होतं.

जूनमध्ये त्यांनी वर्षाचे पैसे एकदम भरले. ५९९ गुणिले बारा, अधिक जीएसटी, एकूण ८,४८१ रुपये ८४ पैसे. डिसेंबरअखेर सगळं झकास. जानेवारीत पलीकडच्या प्लॉटवरची इमारत टॉवरच्या उंचीपर्यंत चढली आणि इकडे चित्र थिजायला लागलं. व्यायाम चालू असताना समोरच्या बाई मध्येच दगडासारख्या स्तब्ध व्हायच्या. पाय वर धरलेला, आणि खाली कधी ठेवायचा ते सांगणारं कुणी नाही. एकदा सलग नऊ दिवस काहीच चाललं नाही. फिजिओथेरपिस्ट बाई पुन्हा घरी येऊ लागल्या त्याला तीन आठवडे लागले, आणि तोवर मिटायला लागलेली बोटं पुन्हा आखडली होती. नेट खराब असणं म्हणजे काय, ते मला त्या घरात कळलं.

काकूंनी कस्टमर केअरला फोन केला. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं की त्यांना ते चालीसकट पाठ झालं. राउटर बंद करून चालू करा, हे झालं. चार वेळा माणूस येऊन गेला, चारही वेळा ‘सिग्नल वीक आहे, काकू, वर कळवतो’ म्हणाला. आणि दर वेळी संध्याकाळपर्यंत मोबाईलवर संदेश, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ काकू मला म्हणाल्या, ‘साहेब, मी चाळीस वर्षं पेपर तपासले. न सोडवलेल्या गणिताला पूर्ण मार्क देणारा परीक्षक मी पहिल्यांदाच पाहिला.’

पण बाई शिक्षिका. त्यांनी मी सुचवायच्या आधीच एक काम केलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आपण दुधाचा हिशोब लिहितो, तिथे त्यांनी इंटरनेटचा हजेरीपट मांडला होता. रोज रात्री साडेआठला मुलाचा कॉल यायचा, त्यावर निकाल. कॉल नीट पार पडला तर ‘ह’, म्हणजे हजर. तुटत-तुटत झाला तर ‘उ’, म्हणजे उशिरा. झालाच नाही तर ‘ग’, म्हणजे गैरहजर. जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून ५९ दिवस. त्यांत १९ ‘ह’, १७ ‘उ’ आणि २३ ‘ग’. प्रत्येक ‘ग’च्या चौकोनात बारीक अक्षरात तक्रारीचा डॉकेट नंबर. मी आयुष्यभर व्हाउचरं आणि लेजर पाहिली, पण इतकी स्वच्छ नोंद थोडीच पाहिली.

ही नोंद हातात असल्यावर पुढची वाट सोपी झाली. ती वाट आपल्या सर्वांना माहीत हवी, म्हणून सविस्तर सांगतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ मध्ये तक्रार निवारणाचे नियम केले आहेत. त्याप्रमाणे प्रत्येक कंपनीत दोन पायऱ्या असतात. पहिली तक्रार केंद्र. इथे तक्रार केली की डॉकेट नंबर मिळणं हा आपला हक्क आहे. तो न घेता फोन ठेवायचा नाही. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर दुसरी पायरी, कंपनीतलंच अपील प्राधिकरण. या अपिलाला फी नाही, आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल द्यावा लागतो. आपल्यापैकी किती जणांना ही दुसरी पायरी माहीत आहे, हात वर करा, असं मी कट्ट्यावर विचारलं होतं. एकही हात वर झाला नाही. कस्टमर केअरच्या मुलीशी आपण तासभर वाद घालतो आणि जिथे वाद घालायचा त्या दारापर्यंत जातच नाही.

एक गैरसमजही दूर करतो. अनेक जण म्हणतात, ‘ट्रायला कळवतो.’ कळवा, पण ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये लोकपाल योजना आणली. तिची आम्हा अधिकाऱ्यांना केवढी धास्ती असायची, ते मी अनुभवलं आहे. लोकपालाचं पत्र आलं की शाखेतली फाइल कुठे सापडत नाही असं कधी होत नसे. दूरसंचारच्या ग्राहकाला तसा लोकपाल अजून नाही. पण केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

ग्राहक आयोगाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण मध्ये काही वर्षं गोंधळ होता. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, तार कायद्याखाली लवादाकडे जा, असं कंपन्या सांगायच्या. अहमदाबादच्या एका मोबाईल ग्राहकाने बिलाच्या प्रकरणात हा मुद्दा शेवटपर्यंत लढवला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खासगी दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते. एका साध्या ग्राहकाच्या चिकाटीने सगळ्या देशाचं दार उघडलं. आज पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाची फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ती चुकवायची नाही.

तर काकूंच्या वतीने मार्चच्या पहिल्या आठवड्यात अपील गेलं. पत्र एक पानाचं. त्यात चारच गोष्टी लिहिल्या. केव्हा पैसे भरले आणि किती, केव्हापासून सेवा बिघडली, कोणकोणत्या तारखांना कोणत्या डॉकेट नंबरने कळवलं, आणि आता नेमकं काय हवं. सोबत कॅलेंडरच्या दोन पानांचे फोटो. रागाचा एक शब्द नाही. पत्राचा मसुदा मी केला, आणि काकूंनी त्यातल्या माझ्या तीन ऱ्हस्व-दीर्घांवर लाल पेनाने गोल केले.

कंपनीने आधी फोनवर तडजोड सुचवली, तीन महिने मुदत वाढवून देतो. काकू म्हणाल्या, ‘जे चालत नाही ते आणखी तीन महिने घेऊन मी काय करू?’ मग म्हणाले, रक्कम तुमच्या अ‍ॅपमधल्या वॉलेटमध्ये टाकतो. त्यालाही नाही म्हटलं. पैसे बँक खात्यातून गेले, ते खात्यातच आले पाहिजेत. अपिलाच्या एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं. त्या जागी सेवा देणं शक्य नाही हे त्यांनी लेखी मान्य केलं आणि जानेवारी ते मे या पाच महिन्यांचे ३,५३४ रुपये १० पैसे खात्यात जमा झाले. राउटर आणि पेटी परत दिल्याची पावती काकूंनी सही-शिक्क्यानिशी घेतली. तीही महत्त्वाची. नाहीतर वर्षभराने उपकरणाच्या किमतीची नोटीस येते, असं आपल्याच दोन घरांत झालं आहे.

साडेतीन हजार रुपये. कुणी म्हणेल, यासाठी एवढा खटाटोप? त्यावर काकूंचंच उत्तर सांगतो. त्या म्हणाल्या, ‘पैशासाठी नाही हो. माझ्या घरात नेट चालत नाही, हे त्यांनी कबूल करायला हवं होतं. दोन महिने ते मला खोटं पाडत होते.’ मला वाटतं, कुठल्याही ग्राहकाची खरी दुखरी जागा हीच असते. सेवा बिघडते ते माणूस समजून घेतो. ती बिघडलेलीच नाही असं जेव्हा त्याला सांगितलं जातं, तेव्हा तो तुटतो. वयस्कर माणसाला तर आपलंच काही चुकत असेल असं वाटायला लागतं. त्यावर उपाय एकच, कागद. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं समोर राहतं.

आज त्या घरात फायबरची जोडणी आहे. काकांचे व्यायाम पुन्हा सुरू झाले आहेत. गेलेल्या आठवड्यांचं नुकसान पूर्ण भरून आलेलं नाही, तसं मी सांगणार नाही. पण परवा त्यांनी चमचा स्वतः धरला.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या सगळ्यांचा. गच्ची ही सामाईक जागा आहे. आज तिच्यावर किती पेट्या आहेत, त्यांतल्या चालू किती, बंद किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी सचिवांबरोबर वर जाऊन पाहिलं. पाच पेट्या अशा सापडल्या की ज्यांची केबल कुठेच जात नाही. वॉटरप्रूफिंगवर आपण गेल्या वर्षी एवढा खर्च केला आणि त्याच स्लॅबला, पॅरापेटला भोकं पाडलेली आहेत. म्हणून समितीला माझ्या तीन विनंत्या आहेत, आणि येत्या सर्वसाधारण सभेत त्यांचा ठराव व्हावा.

एक, गच्चीचं रजिस्टर ठेवावं. फ्लॅट नंबर, जोडणीची तारीख, पेटी कुठे बसवली, आणि बंद केल्यावर ती काढून भोक बुजवल्याची नोंद. स्लॅबला भोक पाडायचं नाही, स्वतंत्र लोखंडी स्टँड वापरायचा आणि केबल डक्टमधूनच खाली आणायची.

दोन, कुठल्याही एकाच कंपनीशी ‘दुसऱ्याला येऊ देणार नाही’ असा करार करू नये. क्लब हाऊसला फुकट वायफाय देतो, गच्ची फक्त आम्हाला द्या, असा प्रस्ताव आला आहे हे आपल्याला माहीत आहे. काकूंना दुसरा पर्याय होता म्हणून त्या बाहेर पडू शकल्या. उद्या पर्याय नसेल तर हजेरीपट मांडूनही उपयोग नाही.

तीन, ऑफिसमध्ये अपिलाच्या पत्राचा एक नमुना ठेवावा. मी तो तयार करून देतो. आणि दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी ऑफिसात बसेन. ज्यांना पत्र लिहायला मदत हवी त्यांनी यावं. येताना बिल, डॉकेट नंबर आणि तारखा घेऊन यावं. फक्त राग घेऊन येऊ नये, त्याची नोंद रजिस्टरला होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बी विंगमधून तज्ज्ञ उपलब्ध आहेत.

पंचवीस वर्षांत आपण या जागेत पाणी आणलं, लिफ्ट आणली, झाडं लावली. प्रत्येक वेळी कुणीतरी अर्ज लिहिला, कुणीतरी पोच घेतली, कुणीतरी पाठपुरावा केला, म्हणून ते झालं. तार दिसो वा न दिसो, ती सवय आपण सोडू नये एवढंच सांगतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.